पानाच्या कोपऱ्यातला हात

“हाथ हटाओ बेटा, हाथ आ रहा है फोटो में.”

हा आवाज मी माझ्या जन्माच्याही आधी ऐकला. तुम्ही म्हणाल, जन्माआधी कोणी काही ऐकतं का? पण मित्रांनो, फोटोला ऐकू येतं. तो निघतो त्या क्षणी आजूबाजूला जे वाजत असतं, जे बोललं जात असतं, ते तो गुपचूप पोटात घेतो आणि पुढं जन्मभर जपतो. माझ्या पोटात असे कितीतरी फोटो आहेत. त्यांतल्या एकानं हा आवाज आपल्यासोबत आणला. दिवसभर उभं राहून थकलेल्या माणसाचा आवाज. घाईचा, पण मायाळू.

मी एक जुनं, जाडजूड, गुळगुळीत कागदाचं फोटोंचं पुस्तक आहे. मला एका हातानं उचलता येत नाही. मांडीवर घ्यावं लागतं, तान्ह्या लेकरासारखं. माझ्यात गोष्ट नाही, कविता नाही, गणितं तर नाहीतच. माझ्यात आहेत नट्या आणि नट, राजघराण्यांतल्या बायका, बड्या घरच्या मेजवान्या, नव्या फॅशनचे कपडे घालून चालणाऱ्या उंच उंच मुली. झुंबरं आहेत. मोत्यांचे सर आहेत. गाडीतून उतरणारे पाय आहेत आणि त्या पायांकडं बघणारी गर्दी आहे.

मला घडवणारा मुंबईचा एक फोटोवाला होता. त्याचा उभा जन्म झगमगाटात गेला आणि त्याचा सदरा मात्र कायम चुरगळलेला राहिला. म्हातारपण जवळ आलं तसं त्यानं आपले आवडते फोटो निवडले. छापखान्यात माझ्या पानांवर रंग चढले, शिवण बसली, वर काळं चकचकीत वेष्टन आलं. नव्या पुस्तकाला येतो तो वास मलाही येत होता. शाईचा, डिंकाचा आणि थोडा गर्वाचा.

तरी एक सांगतो. माझ्यातली बहुतेक माणसं कॅमेऱ्याकडं बघून हसतात. कॅमेऱ्यासाठी आलेलं हसू पाहुण्यांसाठी काढलेल्या कपबशीसारखं असतं. स्वच्छ, देखणं, पण रोजच्या वापरातलं नव्हे.

एकच पान निराळं आहे.

त्या पानावर एक नटी आहे. तिचं नाव मी सांगणार नाही, का ते पुढं कळेलच. तिच्या अंगात हिमरू कापडाचा मोरपंखी झगा आहे, पायघोळ, गवतावर लोळणारा. मागं एका मोठ्या हॉटेलची हिरवळ आहे, दिव्यांच्या माळा आहेत. आणि ती कॅमेऱ्याकडं बघतच नाही. ती खाली बघते आहे, कोपऱ्याकडं, आणि हसते आहे. उन्हातून आलेल्या माणसाला कोणी न मागता पाणी द्यावं, आणि त्यानं तांब्या हातात घेताना हसावं, तसं ते हसू आहे.

ती बघते तिथं, पानाच्या खालच्या कोपऱ्यात, फक्त एक हात आहे. सावळा, बारीक, मनगटापर्यंतच. त्याच्या चिमटीत सुई आहे. करंगळीशेजारच्या बोटावर मोरपंखी दोऱ्याचे वेढे आहेत.

तो फोटो आपल्या याच गावातला. तेव्हा गावाचं नाव औरंगाबाद होतं. हिमरू आणि पैठणीचे नव्या तऱ्हेचे कपडे दाखवायचा एक जलसा हॉटेलात भरला होता. मुंबईची मंडळी विमानानं आली होती. त्या संध्याकाळी काय झालं ते तुम्हाला सांगतो, पण मित्रांनो, ते तुमच्या-माझ्यातच ठेवा.

नटी हिरवळीवर आली आणि झग्याची कड तिच्याच उंच टाचेखाली सापडली. टर्र. आवाज बारीकसाच, पण कापड फाटल्याचा आवाज बाईमाणसाला गर्दीतही ऐकू येतो. शिवण गुडघ्याच्या वरपर्यंत उसवली. चहूकडं मोठी मोठी माणसं. ती हलली असती तर सगळ्यांना दिसलं असतं. म्हणून ती तशीच उभी राहिली, ओठांवर हसू धरून आणि डोळ्यांतलं पाणी पापणीच्या आत अडवून.

जलशाचे कपडे अंगावर बसवून द्यायला गावातले एक वयस्क टेलर मास्तर आले होते. त्यांच्या नजरेतून ते सुटलं नाही. बाईच्या झग्याला आपण कसा हात लावावा म्हणून त्यांनी हाताखाली शिकणाऱ्या पोरीला पुढं केलं.

“जा बेटी, नीचे बैठके सी दे,” ते पुटपुटले. “किसी कू मालूम नै पडना.”

पोरगी गवतावर बसली. हरवलेलं काही शोधते आहे असं दाखवत तिनं सुई चालवायला घेतली. उरलेला दोरा टाकून द्यायचा नाही, बोटाला गुंडाळायचा, अशी तिची सवय. शेवटचा टाका घालता घालता तिनं वर बघितलं आणि म्हणाली, “हो गया मॅडम. अब चलो कितना बी.” नटीनं खाली बघितलं आणि ती हसली. नेमकं तेव्हाच फोटोवाल्यानं कॅमेरा डोळ्याला लावला होता. आभाळ जांभळं झालं होतं, दिवे नुकतेच लागले होते. त्याला झग्याचं काही ठाऊक नव्हतं. त्याला फक्त कोपऱ्यात एक हात दिसला, आणि तो म्हणाला ते मी तुम्हाला सुरुवातीलाच सांगितलं.

हात निघाला नाही. पलीकडं सनई-चौघडा चालला होता, पोरीला ऐकू गेलं नसावं. हिंदी न कळण्याचा तर प्रश्नच नव्हता, ती या गावात पाळण्यातल्या पोरालाही कळते. बटण दाबलं गेलं. मग नटी किंचित वाकली, पोरीच्या केसांवरून तिनं हात फिरवला आणि हळूच म्हणाली, “किसी को बताना मत, हाँ?” पोरीनं मान हलवली.

म्हणून मी तिचं नाव सांगत नाही.

आपल्या हिरवळीचा फोटो आहे म्हणून त्या हॉटेलानं मला विकत घेतलं आणि दिवाणखान्यातल्या काचेच्या टेबलावर ठेवलं. माझे ते दिवस मोठ्या मानाचे होते. रोज सकाळी मऊ फडक्यानं माझं अंग पुसलं जायचं. वेरूळ-अजिंठा बघून आलेले पाहुणे दमून खुर्चीत बसायचे आणि मला मांडीवर ओढायचे. त्या पानावर सगळेच थांबायचे. ती काय बघत असेल, असं एकमेकांना विचारायचे. एकानं सांगितलं, तिचं कुत्रं असेल खाली. कोपऱ्यात मात्र कोणी बघितलं नाही. झगा इतका देखणा होता की हात कोणाला दिसायचाच नाही.

मग एका वर्षी हॉटेलचे दिवे गेले ते परत लागलेच नाहीत. झुंबर गेलं, गालिचे गेले, आणि मी भंगाराच्या गाड्यावर चढलो. जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात माझ्या एका बाजूला कुकरची झाकणं होती आणि दुसऱ्या बाजूला मुके झालेले रिमोट. उन्हानं माझं वेष्टन तडकलं. येणारा-जाणारा मला उघडायचा, बोटाला थुंकी लावून पान उलटायचा आणि तसाच पुढं जायचा.

तिथं मला राजेंद्र भेटला. हा वाळूजच्या एका कारखान्यात पाळीवर जाणारा, बजाजनगरात राहणारा माणूस. कूलरसाठी जुना पंप बघायला आला होता. पंप हातात घेऊन उभा असताना त्याची नजर माझ्यावर पडली.

“अंग्रेजी है भाऊ,” भंगारवाला म्हणाला.

“फोटोला काय इंग्रजी अन् काय मराठी,” राजेंद्र म्हणाला. त्यानं दोन-चार पानं उलटली. “कपड्यांचे नमुने हायेत ह्यात. बायको शिवणकाम करती.”

त्यानं पंप खाली ठेवला आणि मला उचललं.

बजाजनगरात त्याच्या घराची पुढची खोली म्हणजेच दुकान होतं. वर पाटी होती, ‘सुलेखा लेडीज टेलर’. भिंतीवर तथागतांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली मशीन. मशीनवर बसलेल्या सुलेखानं हात पदराला पुसले आणि मला मांडीवर घेतलं. त्यांची चिमुरडी निशा लगेच येऊन माझ्या एका कडेला रेलली. पानं उलटली गेली. नट गेले, घोडे गेले, झुंबरं गेली. आणि ते पान आलं.

सुलेखाचा हात पानावर टेकला आणि तिथंच राहिला. तिच्या करंगळीशेजारच्या बोटावर दोऱ्याचे वेढे होते. त्या दिवशी दोरा पिवळा होता. मित्रांनो, मला शहारा आला. हाताला हात लागला होता.

“काय झालं?” राजेंद्रनं विचारलं.

“काय नाय. कागद लई गुळगुळीत हाय.”

“आवडलं नाय का? पंप राहिला अन् हे घेऊन आलो.”

“आवडलं की. उन्हाळ्यात ह्याचीच पानं हलवून वारा घेऊ.”

राजेंद्र हसला, ती हसली, निशाही काही न कळता हसली. हसता हसता सुलेखानं पान उलटलं. मला वाटलं, आता सांगेल, जरा वेळानं सांगेल. तिनं सांगितलं नाही.

का सांगितलं नाही, ते मला दुकानात राहून हळूहळू उमगलं. मी तिथं नमुन्यांचं पुस्तक झालो. पहिल्या पाळीची बस गेली की बायका यायच्या, ब्लाउजपीस मशीनवर टाकायच्या आणि मला उघडायच्या. राजवाड्यातल्या मेजवानीची बाही बजाजनगरच्या हळदीकुंकवाला जायची. सिनेमातला गळा कारखान्यातल्या सुपरवायझरच्या बायकोच्या अंगावर दिसायचा. दौलताबादच्या आशाबाई तर दर सणाला यायच्या. त्यांची सीताफळाची बाग होती. येताना पिशवीभर सीताफळं आणायच्या आणि चष्मा नाकावर ओढून मला बघत बसायच्या.

“सुलेखा, ह्या बाईच्या पाठीवरचं कापड कुठं गेलं गं?”

“सरलं असंल.”

“एवढी मोठी हिरोईन अन् कापड सरतं? मला असलाच शीव. पण मागून बंद.”

“मंग त्यात ह्या बाईचं काय राहिलं, आशाबाई?”

“मन राहिलं की,” आशाबाई म्हणायच्या. “मागून उघडा हाय असं मनात धरून फिरंन. कोण बघायला येतंय.”

आशाबाईंना दुसरी एक खोड होती. मापं देता देता त्या हळूच विचारायच्या, “आमच्या गल्लीतली मोनिका येती ना तुझ्याकडं? तिची कंबर किती भरली गं आता?”

सुलेखाच्या ओठांत टाचण्या असायच्या. त्या एकेक करून काढत ती म्हणायची, “टेपला डोळे असतात आशाबाई. तोंड नसतं.”

“बरी हायेस. मंग माझी बी कुणाला सांगू नको.”

“सांगितली का आजपर्यंत?”

आशाबाई विचार करायच्या आणि कबूल करायच्या, “नाय बा.”

टेपला तोंड नसतं, हे वाक्य सुलेखाला तिच्या मास्तरांनी दिलेलं होतं. कापड बेतायला शिकवण्याआधी त्यांनी तिला हे शिकवलं होतं. गिऱ्हाइकाचं माप आणि गिऱ्हाइकाचं फाटकं दुसऱ्याच्या कानावर घालायचं नसतं. जिच्या पायाशी बसून तिनं तो टाका घातला, ती नटी तिच्या लेखी नटी नव्हतीच. ती गिऱ्हाईक होती. आणि तो हात माझा असं म्हणावं, तर लोक लगेच विचारणार, तिथं तू काय करत होतीस? म्हणून हातही गप्प राहिला.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की सुलेखा मशीन चालवताना गुणगुणायची. आईकडून आलेली चाल, शब्द तिचे स्वतःचे.

सुईमागं दोरा गं, दोऱ्यामागं माझा हात,
नटली गं सारी दुनिया, मी बसले आडोशात.

एवढंच म्हणायची आणि पुढं नुसतं हं हं करत राहायची. पुढची ओळ तिला सुचत नव्हती की म्हणायची नव्हती, मला कळलं नाही.

राजेंद्रला एक चांगली सवय होती. घरचे फोटो धुऊन आणले की ते सरळ राहावेत म्हणून तो माझ्या पानांत ठेवायचा. त्यामुळं त्या घराचे सगळे सणवार माझ्या पोटातून गेले. आणि मला एक गोष्ट दिसली. निशाचा वाढदिवस, निशा केकसमोर उभी, आणि तिला मागून धरणारा एक हात. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला निशा पांढऱ्या फ्रॉकमध्ये भाषण करते आहे, आणि तिची रिबीन नीट करणारा एक हात. नणंदेच्या लग्नात नवरीच्या खांद्यावर पदर बसवणारा एक हात. कोणी फोटो काढायला लागलं की सुलेखा पुढं होऊन सगळ्यांचं नीटनेटकं करायची आणि झटकन कडेला व्हायची. कधी कधी हात मागं राहायचा, एवढंच.

“अगं तू बी ये की,” राजेंद्र म्हणायचा.

“तुम्ही घ्या. मी हाय ना हितंच.”

निशा मोठी झाली, तेव्हा एकदा माझ्यातले हे सगळे फोटो तिनं जमिनीवर मांडले. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “आई, घरात तुझा एक तरी फोटो हाय का गं तोंडासकट?”

“आधार कार्डावर हाय की.”

“त्यात तू चोरासारखी दिसती.”

“सगळेच दिसतात,” सुलेखा म्हणाली आणि मशीनवर वाकली. निशा हसली, पण फोटो गोळा करताना तिचा चेहरा उतरला होता. तिनं ते एका डब्यात ठेवले. माझ्यात परत ठेवले नाहीत.

त्यानंतर माझे दिवस उतरले. बायकांच्या हातात मोबाईल आले. आता त्या नमुना पुस्तकात शोधत नव्हत्या, काचेवर बोट फिरवून दाखवायच्या. मला कोणी उघडेना. गळपट्ट्यांना आतलं कडक कापड चिकटवलं की ते नीट बसावं म्हणून वर वजन लागतं, त्या कामाला मी आलो. गरम गळपट्ट्यांवर तासन्‌तास पालथा पडून राहायचो. माझ्या पाठीवर खडूची पूड साचली. कडांना कसर लागली. एकदा शिकायला आलेल्या पोरीनं मला स्टुलाच्या पायाखाली सरकवलं, तेव्हा सुलेखा तिच्यावर चिडली. “पुस्तक हाय ते,” ती म्हणाली. “ज्या घरात बाबासाहेबांचा फोटो हाय त्या घरात पुस्तकाला पाय लावायचा नाय.” मला पुसून तिनं फळीवर ठेवलं. पुसताना ते पान उघडून बघितलं. ती ते अधूनमधून बघायची. फक्त कोपरा बघायची आणि मिटायची.

आणि आता ही अगदी अलीकडची गोष्ट.

निशानं कपड्यांच्या डिझाईनचं शिक्षण पुरं केलं. आईचं दुकान नव्यानं सजवायचं तिनं ठरवलं. भिंतीला नवा रंग लागला, मोठा आरसा आला. आरशासमोरची भिंत मोकळी होती. तिथं फ्रेमा लावायच्या, जुन्या काळातल्या झगमगाटाच्या, म्हणजे आत येणाऱ्या बाईला वाटावं की आपणही त्यांतल्याच एक. हा निशाचा बेत. तिनं मला फळीवरून काढलं.

“आई, हे पुस्तक कापू का मी? पानं फ्रेम करते.”

सुलेखा काजं करत होती. सुई थांबली, पुन्हा चालू झाली. “काप की. पडूनच हाय.”

तिनं असं का म्हटलं असेल? मला वाटतं, लेकीनं काही मागितलं की तिच्या तोंडून आधी होकार यायचा आणि विचार नंतर यायचा. पुष्कळ आयांचं तसंच असतं.

निशाचा हात हलका होता. पट्टी ठेवायची, पातं ओढायची. एक नट गेला. घोड्यांच्या शर्यतीतल्या टोपीवाल्या बायका गेल्या. मित्रांनो, कापताना पुस्तक ओरडत नाही. पण एक पान निघालं की त्याच्या जोडीचं, शिवणीच्या पलीकडचं पान सैल होतं, हे कापणाऱ्याच्या लक्षात येत नाही. तुमच्या घरी माझ्यासारखं एखादं जुनं पुस्तक असेल, कोणी बघत नाही म्हणून फळीवर पडलेलं. त्याला टाकण्याआधी, कापण्याआधी एकदा मांडीवर घ्या. बोटाला थुंकी न लावता सावकाश बघा. आणि मधलं देखणं चित्र बघून झालं की पानाच्या कडेला बघा. कोणाची तरी बाही, कोणाचा तरी खांदा, कोणाचा तरी हात तिथं असतो. मधलं माणूस ज्याच्या आधारानं उभं आहे, तो बहुतेक वेळा कडेलाच सापडतो.

मी हे मनातल्या मनात म्हणत होतो, आणि निशानं ते पान उघडलं.

दुपारची वेळ होती. आशाबाई नातवाच्या लग्नातल्या ब्लाउजचं बघायला आल्या होत्या आणि चहा पीत होत्या.

“हा मधोमध लावायचा,” निशा म्हणाली. “सगळ्यात भारी हाय हा. कॅमेऱ्याकडं बघतच नाय ती. फक्त हा कुणाचा तरी हात मध्ये आलाय. एवढा कोपरा कापून टाकते.”

आशाबाईंनी चष्मा ओढून बघितलं. “व्हय, काप. कुणा कामवालीचा असंल. असल्यांच्या मागंपुढं लई जणी असत्यात.”

निशानं पट्टी ठेवली. पोलाद गार होतं. मनगटाच्या अलीकडं पात्याचं टोक टेकलं.

मशीन थांबलं.

“निशा, तेवढा कोपरा ऱ्हाऊ दे.”

“का गं? घाण दिसतो.”

“दिसू दे.”

“आई, फ्रेम छोटी हाय. एक तर हात जाईल, नाय तर हिचे केस जातील.”

“मंग केस काप.”

आशाबाईंना ठसका लागला. “हिरोईनीचं टक्कल करती का गं?”

सुलेखा हसली नाही. तिनं बोटावरच्या दोऱ्याचं टोक धरलं आणि सोडलं. “तो हात माझा हाय,” ती म्हणाली.

निशाला आधी ती चेष्टाच वाटली. मग तिची नजर आईच्या बोटाकडं गेली. तिथं हिरव्या दोऱ्याचे वेढे होते. लहानपणापासून रोज बघितलेले, वेणी घालताना मानेला टोचणारे. तिनं माझ्या पानाकडं बघितलं. पुन्हा बोटाकडं बघितलं. हातातलं पातं तिनं मिटून खाली ठेवलं, जसं झोपलेल्या लेकराजवळून कोणी चाकू बाजूला करावा.

“पप्पांना माहीत हाय?”

“नाय.”

“इतकी वर्षं ह्या पुस्तकावर गळपट्ट्या दाबतीस तू, आई.”

आशाबाई खुर्ची ओढून पुढं सरकल्या. “आगं पण तू तिच्या पायाशी करत काय होतीस? काही फाटलं-बिटलं होतं का तिचं?”

“हात माझा होता, तेवढा मी सांगितला,” सुलेखा म्हणाली. “बाकीचं तिचं हाय.”

आशाबाईंनी कप उचलला. चहाचा शेवटचा घोट घेतला. “कामवालीचा म्हणले मी,” त्या म्हणाल्या, “मनावर घेऊ नको.” मग उठता उठता पुटपुटल्या, “म्हणजे माझी कंबर खरंच कुणाला कळली नाय म्हणायची.”

त्या गेल्या. निशानं मला उघडंच ठेवलं, मशीनच्या टेबलावर, आईच्या हाताशेजारी. माझं पान मी घट्ट धरून होतो. तिनं मोबाईल काढला.

“आई, तशीच बस. हलू नको.”

सुलेखा सवयीनं उठायला लागली. “ह्याचा घे ना, पुस्तकाचा. मी हाय हितंच.”

“बस म्हणलं ना.”

ती बसली. पदर सारखा करायला गेलेला हात तिनं तसाच माझ्यावर ठेवला, त्या कोपऱ्याजवळ. कॅमेरा समोर असताना कडेला न झालेली सुलेखा मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली.

निशा मोबाईलच्या आडून म्हणाली, “पण मला एक सांग. त्या फोटोवाल्यानं तुला बाजूला हो म्हणलं नाय? असले लोक एक केस इकडचा तिकडं होऊ देत नायत.”

याचं उत्तर मला ठाऊक होतं. सनई-चौघडा चालला होता, पोरीला ऐकू गेलं नव्हतं. इतकी वर्षं मी तेच धरून होतो, आणि तुम्हालाही तेच सांगितलं.

सुलेखानं माझ्याकडं बघितलं. मग निशाकडं बघितलं आणि हसली. ते हसू मी ओळखतो. माझ्या एकाच पानावर आहे तसलं.

“म्हणला ना. हात काढ म्हणला,” ती हळूच म्हणाली. “ऐकू आलं होतं गं मला. मीच मुद्दाम नाय काढला.”